जुन्या नंदुरबारच्या पेठेत खरेदीला जाताना

‘नंदुरबारला चाललोय, तिथून काय आणू?’ तोरणमाळची सहल असो, सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा असो की सातपुड्यातली होळी, हा प्रश्न निघायच्या आधी पडतोच. त्याला लागून आणखी दोन येतात : ‘मिरची घ्यायची तर कुठल्या दुकानातून?’ आणि ‘हातात पडलेला माल खरंच इथला आहे, हे कळणार कसं?’ पणजीचं फोन्तेन्हास किंवा मालवणची बाजारपेठ पाहायला जाणाऱ्याच्या हाताशी भरपूर माहिती असते. समुद्रकाठच्या जुन्या वस्त्यांवर पर्यटनाने तेवढी मेहनत घेतलेली आहे. नंदुरबारच्या जुन्या पेठेत पाहुण्यासाठी असं काहीच मांडून ठेवलेलं नाही. त्यामुळे लोक दोन टोकांना जातात. काही जण रस्त्यात लागलेल्या पहिल्याच दुकानातून मिरचीचं पाकीट उचलतात आणि परततात. काही जण ‘आदिवासी भागातला बाजार म्हणजे सगळं स्वस्त आणि अस्सल’ असं धरून मिळेल ते पिशवीत भरतात. फसगतीची शक्यता दोन्हीकडे सारखीच.

मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा छोट्या दुकानाचा खरा फायदा स्वस्ताईत नसतो. माल कुठून आला, कधी आला, कोणी वाळवला किंवा घडवला, हे ठाऊक असलेला माणूस तिथे समोर बसलेला असतो, हा तो फायदा. ती माहिती तुम्ही विचारून घेतली आणि पावतीवर उतरवून घेतली, तरच पेठेत जाण्याचा उपयोग. नुसती पिशवी भरायची असेल तर तोच माल शहरातल्या मोठ्या दुकानातही मिळतो, आणि कधी कधी कमी भावातही. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका म्हणण्यावर उभं आहे.

आधी ठरवा : इथलं काय, बाहेरचं काय

नंदुरबार समुद्रापासून दूर असलं तरी त्याच्या व्यापाराचं तोंड शतकानुशतकं समुद्राकडे होतं, कारण सुरत बंदराहून बुऱ्हाणपूरकडे जाणारी वाट याच गावावरून जात असे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने आपल्या प्रवासवर्णनात या गावाची नोंद केली. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच व्यापारी याच वाटेने गेला. वाटेवरच्या नवापूरबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे की गाव विणकरांनी भरलेलं आहे, पण मुख्य व्यापार तांदळाचा आहे आणि त्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो. पुढे तापी खोऱ्यातून सुरत-भुसावळ रेल्वे झाली आणि जुन्या बैलगाड्यांच्या वाटेची जागा तिने घेतली. या सगळ्यामुळे इथल्या बाजारात गुजराती आणि अहिराणी या दोन्ही भाषा दुकानाच्या उंबऱ्यावर सहज ऐकू येतात. गिऱ्हाइकांचा मोठा भाग मात्र भिल्ल, पावरा, मावची अशा आदिवासी समाजांचा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्क्यांच्या आसपास आहे.

हा इतिहास खरेदीच्या कामाचा आहे, म्हणून सांगितला. पेठेतला माल दोन दिशांनी येतो. साड्या, तयार कपडे, प्लास्टिकचं सामान, कारखान्यात बनलेली भांडी ही सुरतेसारख्या मोठ्या बाजारांतून येतात. ती इथे घेण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी नंदुरबार गाठायची गरज नाही. दुसरी दिशा आसपासच्या शेतांची आणि सातपुड्याची : लाल मिरची, आमचूर, तूरडाळ, भगर-नागलीसारखी धान्यं, चारोळी-डिंकासारखा रानमाल, बांबूच्या टोपल्या. चांदीचे दागिने या दोन्हींच्या मधे बसतात. धातू बाहेरचा, पण घाट इथल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीचा. पिशवी आणि पैसे मर्यादित असतील तर दुसऱ्या दिशेचा माल आधी घ्या, पहिल्या दिशेचा सोडून दिलात तरी चालेल.

कधी जावं, कुठून सुरुवात करावी

सुरुवातीला माणिक चौक बरा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीतल्या मिरवणुकीवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती हुतात्मा झाले, त्यांचं स्मारक इथे आहे. शिरीषकुमार व्यापारी घरातला शाळकरी मुलगा होता, आणि ती मिरवणूक याच पेठेच्या रस्त्यांवरून निघाली होती. मंगळ बाजार, जळका बाजार, सोनार खुंट, हाट दरवाजा ही जुन्या गावातली नावं कुठल्याही रिक्षावाल्याला सांगितली की पुरे. गल्ल्या अरुंद आहेत. मोटार बाहेर ठेवून पायी फिरणंच सोयीचं.

खरेदीचा हंगाम मालावर ठरतो, सुट्टीवर नाही. साधारण अंदाज असा :

- लाल मिरची : ओल्या मिरचीची आवक पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि हिवाळाभर चालते. वाळलेला नवा माल डिसेंबरनंतर मार्चपर्यंत उत्तम मिळतो.
- तूरडाळ : तूर हिवाळ्याच्या अखेरीस निघते. नवी डाळ फेब्रुवारी-मार्चपासून विचारा.
- आमचूर : कैऱ्या उन्हाळ्यात वाळवतात. ताजा माल मे-जूनमध्ये.
- चांदी, ढोल, घुंगरं, साजशृंगार : होळीच्या आधीच्या आठवड्यातले बाजार, ज्यांना भोंगऱ्या म्हणतात, त्या वेळी माल सर्वांत जास्त असतो आणि गर्दीही. निवांत बोलून घ्यायचं असेल तर होळीनंतर या.

पहिली फेरी काहीही न घेता मारा. एकाच वस्तूचा भाव तीन दुकानांत विचारला की चालू भावाचा अंदाज येतो आणि कोणता दुकानदार प्रश्नांना नीट उत्तर देतो हेही कळतं. उन्हाळ्यात दुपारी फिरणं टाळा. खानदेशातलं ऊन सोसवत नाही आणि दुकानदारही त्या वेळी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. सगळ्या दुकानांची आठवड्याची सुट्टी एकाच वारी असेल असंही धरून चालू नका.

मिरची : पाकिटाआधी ढीग पाहा

नंदुरबारची बाजार समिती मिरचीसाठी राज्यात नावाजलेली आहे. शेतकरी ओली लाल मिरची तिथे आणतो, व्यापारी ती घेतो आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पसरून वाळवतो. या जागेला पथारी म्हणतात. मैलभर लांबून लाल दिसणाऱ्या या पथाऱ्यांवर मिरची उलटणं, निवडणं, देठ खुडणं ही कामं मजूर, त्यातही बहुसंख्य बाया, हातांनी करतात. वाळत घातलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला तर रंग उतरतो आणि बुरशी धरते. मिरचीच्या दुकानात विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच भावाचा नसावा. ‘ही मिरची पावसाआधीची की नंतरची?’ असं विचारा. जाणकार दुकानदार लगेच सांगतो. जो उडवाउडवी करतो त्याच्याकडून थोडीच घ्या किंवा घेऊच नका.

जात विचारायला विसरू नका. फापडा, जरेला, लाली, शंकेश्वरी, व्हीएनआर अशी नावं कानावर पडतील. कोणती तिखटाला, कोणती रंगाला, हे तुमच्या घरच्या वापरावर ठरतं. खानदेशी काळ्या मसाल्याला लागणारी मिरची आणि लोणच्याला लागणारी मिरची एक नसते. तेव्हा ‘चांगली द्या’ म्हणू नका. ‘कशासाठी हवी’ ते सांगा. हातात घेऊन पाहताना एवढं तपासा :

1. मिरची कानाजवळ हलवा. पूर्ण वाळलेली असेल तर आत बी खुळखुळतं. लवचिक, दमट लागली तर वजनात पाण्याचे पैसे जातात आणि घरी नेल्यावर बुरशी येते.
2. दोन मिरच्या मोडून आतली बाजू पाहा. काळसर किंवा पांढरट बुरशीचा माल घेऊ नका.
3. देठासकट आणि बिनदेठाच्या मालाचा भाव वेगळा असतो. कोणता भाव सांगितला जातोय ते आधी स्पष्ट करा.
4. रंग सगळीकडे अगदी एकसारखा, भडक आणि बोटाला लागणारा असेल तर सावध व्हा.

पूड घ्यायची झाली तर अख्खी मिरची घेऊन डोळ्यांसमोर दळून किंवा कांडून घेणं सर्वांत खात्रीचं. दळलेले मसाले पाकीटबंदच विकावेत, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. उघड्या पोत्यातली पूड घेऊ नका. घरी आणलेल्या पुडीची साधी परीक्षा अशी : काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर पूड भुरभुरा. रंगाच्या रेघा खाली ओघळू लागल्या तर कृत्रिम रंग असण्याची शक्यता आहे.

आमचूर, तूरडाळ आणि रानमाल

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात गावठी आंब्याची झाडं पुष्कळ. कच्च्या कैऱ्या उतरवायच्या, साल काढायची, फोडी करून उन्हात वाळवायच्या, हे काम घरोघरी चालतं. मग तो माल व्यापाऱ्याकडे येतो. साल नीट काढून लगेच वाळवलेल्या फोडी फिक्या, पांढरट राहतात; साल राहिली किंवा वाळायला वेळ लागला तर काळपट होतात. काळपट आमचूर वाईटच असं नाही, पण त्याचा भाव पांढऱ्याचा नसावा. पुडीपेक्षा फोडी घ्या. फोडीत किडा, माती, ओल दिसते; पुडीत यातलं काहीच दिसत नाही.

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. असं मानांकन मिळालं की त्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाचा त्या भूभागाशी आणि ठरलेल्या गुणांशी संबंध असावा लागतो, आणि कुठल्याही डाळीवर ते नाव लावणं कायद्याने चुकीचं ठरतं. म्हणून ‘नवापूरची डाळ’ म्हणून जास्त भाव सांगितला गेला तर पावतीवर तेच शब्द लिहून मागा. लिहायला तयार नसेल तर साध्या डाळीचा भाव द्या. फार चकचकीत, एकसारखी गुळगुळीत डाळ बहुधा पॉलिश केलेली असते. गिरणीतून भरडून आलेली डाळ थोडी फिकी, थोडी ओबडधोबड दिसते. तिला कमी लेखू नका.

चारोळी, डिंक, मोहफुलं, भगर, नागली या गोष्टी दुकानांत मिळतात, तशा आठवडे बाजारात जमिनीवर फडकं पसरून बसलेल्या बायांकडेही मिळतात. बांबूच्या टोपल्या, सुपं, कणग्या घ्यायच्या असतील तर नवापूर भागातल्या कोतवालिया कारागिरांचा माल विचारा. बांबूचं काम हीच त्यांची पिढीजात उपजीविका आहे. टोपली घेताना काठ आणि तळाची वीण बोटाने दाबून पाहा. बांबू ओला असेल तर पुढे वीण सैल पडते, आणि बारीक पिवळी पूड झडत असेल तर भुंगा लागलेला आहे.

चांदी : वजन, शुद्धता, घडणावळ हे तीन आकडे वेगळे

हासळी, कडी, करदोडा, पायांतले वाळे असे जाड, भरीव दागिने ही सातपुड्यातल्या बायांची बचतही असते आणि साजही. शहरातले गिऱ्हाईक ते ‘आदिवासी दागिने’ म्हणून घेतं आणि तिथेच चुकतं. मूळ खरेदीदार बाई वजन आणि मोडीचा भाव विचारते. शहरी गिऱ्हाईक फक्त नक्षी पाहतं. तुम्ही त्या बाईसारखे प्रश्न विचारा :

- आजचा चांदीचा भाव काय, आणि या दागिन्याची शुद्धता किती?
- घडणावळ किती, आणि ती ग्रॅमवर की नगावर?
- वर्षभराने मोडायला आणला तर घट किती धराल?
- दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क आहे का?

चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे. म्हणून छाप नसलेला दागिना खोटाच असं म्हणता येणार नाही, पण मग शुद्धतेची जबाबदारी पावतीवर यायला हवी. सोनं घेणार असाल तर सहा अक्षरी-आकडी हॉलमार्क क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून तिथेच तपासा. ‘शंभर वर्षांपूर्वीचा आहे’ म्हणून जादा पैसे मागितले गेले तर दोनदा विचार करा. नव्या दागिन्याला काळपटपणा आणणं सोपं असतं. खरोखर शंभर वर्षं जुनी कलावस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.

भाव करावा का?

इथे सरसकट उत्तर नाही. पाकीटबंद मालावर छापील किंमत असते. तिच्यात सगळे कर आलेले असतात आणि तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. सुट्या मालाला छापील किंमत नसते, म्हणून तिथे बोलणी होतात. चांदीत धातूचा भाव रोजचा ठरलेला. बोलणी करायची तर घडणावळीवर. मिरची-डाळीत पाच-दहा किलो घेत असाल तर किलोमागे सूट मागणं रास्त आहे, अर्ध्या किलोवर घासाघीस करण्यात दोघांचाही वेळ जातो. बोलताना ‘शेठ’, ‘भाऊ’, ‘दादा’, विकायला बसलेल्या बाईला ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. अरेतुरेवर येऊ नका.

आठवडे बाजारात दोन किलो चारोळी किंवा चार टोपल्या घेऊन बसलेल्या बाईशी मात्र भाव पाडू नका. हा भावनेचा मुद्दा समजू नका, व्यवहाराने पाहा. तिच्या मालाला साठवणुकीची सोय नाही, संध्याकाळी परतीची गाडी गाठायची असते, म्हणून शेवटच्या तासात ती कितीही खाली येऊ शकते. तेव्हा मिळालेली सूट तुमच्या हुशारीची नसते, तिच्या अडचणीची असते. आणि त्या भावाला पुढच्या वर्षी ती माल निवडून, वाळवून आणणार नाही. चांगला माल येत राहावा असं वाटत असेल तर चांगल्या मालाला पुरेसा दाम द्या.

पावती : संकोच सोडा

‘ओळखीच्या दुकानदाराकडे पावती कशी मागायची?’ हा संकोच आपल्याकडे खोल आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटीच्या नियमात २०० रुपयांखालच्या विक्रीला गिऱ्हाइकाने मागितली नाही तर वेगळी पावती न देण्याची सवलत आहे. म्हणजे तिथेही तुम्ही मागितलीत तर ती द्यायला हवी. पावतीवर एवढं असावं :

1. दुकानाचं नाव, पत्ता, पावतीचा क्रमांक, तारीख.
2. वस्तूचं नेमकं नाव : ‘किराणा’ नको, ‘लाल मिरची, अमुक जात, बिनदेठ’ हवं. चांदी असेल तर शुद्धता, वजन आणि घडणावळ वेगवेगळी.
3. वजन किंवा नग आणि दर.
4. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक.
5. कर लावला असेल तर जीएसटी क्रमांक.

‘पावती हवी असेल तर कर वेगळा पडेल’ असं ऐकायला मिळेल. उत्तर शांतपणे द्या. नोंदणी नसलेला लहान दुकानदार गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही, आणि ठोक दराने कर भरण्याच्या म्हणजे कंपोझिशन योजनेतला दुकानदारही तो पावतीवर वेगळा लावू शकत नाही. दोघेही कराविना साधी पावती देऊ शकतात. ‘क्रमांक दाखवा, कर देतो, नाहीतर साधी पावती द्या’ एवढं वाक्य पुरतं.

‘पण एवढा खटाटोप कशाला?’

पहिला आक्षेप असा : घरबसल्या फोनवर मागवलं की स्वस्त पडतं आणि परतही करता येतं. काही वस्तूंसाठी हे खरं आहे, आणि त्या वस्तू फोनवरच मागवाव्यात. पण मिरचीची ओल, आमचुराची साल, टोपलीची वीण पडद्यावर दिसत नाही. शिवाय परत करण्याची सोय असली तरी वर्षभराच्या साठवणीचा मसाला एकदा कांडून झाल्यावर परत काय करणार? जिथे गुण हात लावल्याशिवाय कळत नाही तिथे पेठ, जिथे वस्तू सगळीकडे एकसारखी तिथे फोन. ही वाटणी मान्य केली की वाद संपतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : दुकानदार स्वतःच्या मालाबद्दल खरं का सांगेल? सांगेलच असं नाही. म्हणूनच माहिती विचारणं आणि ती पावतीवर घेणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. तोंडी सांगितलेलं गल्ल्यावरच राहतं. लिहून दिलेल्या शब्दाला दुकानदार बांधला जातो. तीन दुकानांत तोच प्रश्न विचारला की उत्तरांतली विसंगतीही उघडी पडते. पेठेत एकाच मालाची चार दुकानं शेजारी असतात, याचा असा उपयोग करा.

तिसरा : व्यापारी मधे कशाला, थेट डोंगरातल्या उत्पादकाकडूनच घेऊ. विचार चांगला आहे, आणि बचत गटांकडून किंवा आठवडे बाजारातून तसं घेता येतं. पण वर्गवारी, साठवण, तक्रार ऐकून घेणं ही कामं कोणीतरी करावी लागतात, आणि गावातलं दुकान ती करतं. दोन्ही वाटा ठेवा. रानमाल आणि बांबूकाम थेट घ्या. मिरची, डाळ, चांदी पावती देणाऱ्या दुकानातून घ्या.

हमखास होणाऱ्या चुका

- वजनाकडे पाठ करणं. काट्यावर आधी शून्य दिसू द्या, भांड्याचं वजन वजा झालं का पाहा. दगड किंवा अनधिकृत वजनं वापरणं बेकायदा आहे. वैधमापन शास्त्र विभागाच्या तपासणीचं प्रमाणपत्र पाहायला मागणं हा तुमचा हक्क आहे.
- एकाच दुकानातून सगळं घेणं. मिरचीवाल्याची मिरचीची जाण डाळीला लागू पडत नाही. ज्याचं जे मुख्य काम, ते त्याच्याकडून घ्या.
- पहिल्याच वेळी वर्षाचा माल भरणं. किलोभर न्या, वापरून पाहा, मग फोनवर मागणी नोंदवा. पावतीवरचा फोन नंबर यासाठीही कामाचा.
- मोहाची दारू ‘आठवण’ म्हणून नेणं. परवान्याशिवाय ती बाळगणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर चार पावलं टाकली तरी कायदा बदलतो.
- न विचारता फोटो काढणं. दुकान असो, पथारी असो की बाजारात बसलेली बाई, आधी परवानगी घ्या. पथारी ही खासगी कामाची जागा आहे. मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका.

फसगत झालीच तर

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून गप्प बसू नका. माल सदोष असेल तर ती पाटी तुम्हाला बंधनकारक नाही. पावतीवर वेगळी मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणं, हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे. मात्र माल ठीक असून तुमचं मन बदललं असेल, तर परत घ्यायची सक्ती दुकानदारावर नाही. तिथे विनंतीच करावी लागते. पायऱ्या अशा :

1. माल वापरणं थांबवा, फोटो काढा, पाकीट आणि पावती जपून ठेवा.
2. आधी दुकानदाराशी बोला. छोट्या गावात नावाला किंमत असते. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
3. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वजनमापाची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे आणि भेसळीची अन्न व औषध प्रशासनाकडे जाते.
4. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी नंदुरबारला खेपा घालाव्या लागत नाहीत. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरूनही दाखल होते.

यातली प्रत्येक पायरी पावतीवर उभी आहे. पावती नसेल तर पहिल्या दोन पायऱ्यांनंतर हातात फारसं काही राहत नाही. म्हणून पेठेत जाताना यादीत मिरची, आमचूर, डाळ लिहाल, त्याच यादीत सगळ्यात वर ‘पावती’ लिहा. प्रश्न विचारणाऱ्या आणि पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला दुकानदार टाळत नाही. जो टाळतो, त्याचं दुकान तुम्ही टाळा.